अंगाने भरलेला तौसीफ

प्रिंटरची शाई भरून मिळेपर्यंत सुरज पनवेलच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून होता. शेजारी खलीलभाई आणि हलीमाबी घरासाठी स्वस्तातला रुंद मॉनिटर बघत होते. कुवेतला गेलेल्या लेकाचा फोटो त्यांनी पेनड्राइव्हमधून आणला होता, तो दुकानदाराने पडद्यावर लावला.

“माशाअल्लाह! तौसीफ अंगाने भरला हो.”

“मागची मोटारपण भरलीय, हलीमा. चाकं बघ तिची, अंडी झालीत.”

“चाची, सेटिंग जुन्या चौकोनी पडद्याचं राहिलंय, म्हणून चित्र आडवं ताणलंय. थांबा, सरळ करतो.”

दुकानदाराने सेटिंग बदललं.

“हा कोण?”

“तौसीफच आहे.”

“रोज फोनवर म्हणतो, अम्मी, पोटभर जेवतो.”

“तू रोज विचारतेस. दुसरं काय सांगणार तो?”

“चाची, पाहिजे तर पहिल्यासारखं ताणून देतो. बरेच जण तसंच नेतात. गल्फवाल्यांच्या घरी पडद्यावर सगळे अंगाने भरलेलेच असतात.”

“नको, सरळच ठेवा. शुक्रवारी कॅमेऱ्यावर आला, की त्याला माझ्यासमोर जेवायला बसवते.”