वरच्या खोलीची वायर

तुम्ही म्हणता, मी घरीही अशीच गप्प बसत असेन. बसते. पण एकदा बोलले.

देवपूरच्या आमच्या घरावर नवी खोली चढवली, तेव्हा तिथे वेगळा बोर्ड बसवायचा होता. वायरमन रफिकभाईंनी आजोबांना विचारलं, "आबा, वर काय काय चालणार? त्यावर वायरची जाडी ठरते. प्लास्टर झाल्यावर बदलायची म्हटलं, तर भिंत फोडावी लागेल."

"एक पंखा, एक ट्यूब. बस, इतलंच शे. बारीक वायर टाक."

आई गप्प, काका गप्प. मला राहवेना.

"आईला वर गिझर हवाय. काकांनी वॉशिंग मशीनसाठी कोपरा मोजून ठेवलाय. आणि आबा, परवा तुम्ही दुकानात एसी बघत होतात."

सगळे माझ्याकडेच बघायला लागले. रफिकभाईंनी बारीक वायरचं बंडल पिशवीत परत टाकलं. "एवढा लोड या वायरवर टाकला असता, तर भिंतीतच जळाली असती."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि माझ्या तोंडाकडे बोट दाखवत म्हणाले, "रफिक, जाडी वायर टाक. आन इना तोंडले बी एक बटन बसाड."