पणजोबांचं दात पडलेलं चाक

सुनंदावहिनी, निखिल, आणि सिंगापुरातल्या पुंगोलच्या या ब्लॉकखाली जमलेल्या मंडळींनो,

मला बोलायचं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नाही तर कोण?" म्हणून उभा राहिलोय. अरविंद आणि मी एकाच जहाजावर इंजिनियर होतो. इंजिनाच्या गोंगाटात ओरडून बोलायची सवय आम्हाला. आज हळू बोलायचंय, सांभाळून घ्या.

अरविंद गेला. दुःख आहेच. पण खरं सांगू? मला सुटल्यासारखंही वाटतंय. का, ते सांगतो.

त्याचे पणजोबा कोकणात घड्याळं दुरुस्त करायचे. आपल्याकडे सिनेमा यायच्या आधी त्यांनी हलत्या चित्रांचं यंत्र बनवलं होतं, असं अरविंद सांगायचा. घरच्यांनी त्यांना वेड्यात काढलं. यंत्र भंगारात गेलं. उरलं एक पितळी चाक, तेही अर्धे दात पडलेलं. अरविंदने ते जन्मभर जपलं. रिटायर झाल्यावर म्हणाला, "पणजोबा वेडे नव्हते, हे मी तसंच यंत्र बनवून, चालवून दाखवणार." आजार कळला तेव्हाही तेच म्हणाला. फक्त घाईने म्हणाला.

आता आम्ही पडलो जहाजावरची माणसं. चाकाचे दात पडले की आम्ही काय करणार? नवं चाक! अरविंदने यंत्र जुळवलं आणि त्यात बसवायला सगळे दात असलेलं नवं चाक करून घेतलं. वहिनींनी कागदाच्या लांब पट्टीवर दाणे टिपणारी कोंबडी काढली, प्रत्येक चित्रात मान थोडी आणखी खाली. अरविंदने दांडा फिरवला. काय फिरलं म्हणता यंत्र! हिसका नाही, खडखड नाही. आणि कोंबडी? नुसता पिवळा फराटा! निखिल त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "बाबा, ऑल ब्लर लाह."

यावर अरविंदने काय करावं? आणखी तेल घातलं! यंत्र आणखी गुळगुळीत, फराटा आणखी लांब. केमो घेऊन आला की पुन्हा तेच. मला धसका बसला होता, मंडळी. वाटायचं, हा माणूस असाच हरून जाणार.

मग एकदा हॉस्पिटलमधून परत येताना आम्ही तिघं एलआरटीच्या लोकल गाडीत होतो. स्टेशन येत होतं आणि वहिनींना पाटी वाचता येईना. अरविंद म्हणाला, "चष्मा बदल आता." वहिनी म्हणाल्या, "चष्म्याला काय झालंय? आधी गाडी थांबू दे की!"

गाडी थांबली. वहिनींनी पाटी वाचली. अरविंद मात्र त्या पाटीकडे बघतच राहिला. घरी आला, चप्पलही न काढता आत गेला, नवं चाक काढलं आणि पणजोबांचं बसवलं. दात पडले नव्हते हो! पणजोबांनी स्वतः कानशीने घासून काढले होते. दात असतील तिथे चित्र पुढे सरकतं, नसतील तिथे क्षणभर थांबतं. यंत्र खडखडलं, हिसके खाऊ लागलं. आणि आतल्या कोंबडीने दाणा टिपला.

अरविंद हसला. मग रडला. म्हणाला, "सुटलो रे. दोघंही सुटलो." दोघं म्हणजे तो आणि त्याचे पणजोबा.

पणजोबांचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. नसू दे. या ब्लॉकमधल्या पोरांनी रांग लावून ती कोंबडी पाहिली, आणि अरविंदने खुर्चीत बसून त्या पोरांना पाहिलं. तो हरून गेला नाही, वहिनी.

चला, आता सगळे उभे राहूया. काही बोलायचं नाही, नुसतं थांबायचं. थांबलं की दिसतं, हे त्या दोघांनीच आपल्याला दाखवलंय.

डोळे मिटा. दिसतोय ना अरविंद? दांडा फिरवतोय.