चार बोटं रेशीम

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, पूर्वी मुलींच्या शाळेत शिवणकामाची शिक्षिका, आता घरीच, छंद म्हणून लाकडी धनुष्यबाण करते, राहणार पाण्याच्या टाकीमागची वसाहत, दुसरा मजला. आज सकाळी दहा वाजता, कोणी बोलावलेले नसताना, स्वतः ठाण्यात येऊन लिहून देते. माझे अक्षर वाचता येण्यासारखे आहे म्हणून हवालदारबाईंनी कागद माझ्याच हातात दिले.

पहिली हकीकत बावन्न वर्षांपूर्वीची आहे. ती वाचून हवालदारबाई म्हणाल्या, "बाई, जबाब लिहा, निबंध नको." तरी एवढा परिच्छेद राहू द्यावा अशी मी विनंती केली आणि त्यांनी तो राहू दिला. कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला आम्ही रुमालाला काठ घालत होतो. सिस्टर रुमाल हातात घेऊन आधी उलटा करायच्या. पुढून काय, कोणीही छान करेल, मागे गाठी किती ते बघू दे, म्हणायच्या. माझ्या रुमालाच्या मागे नुसते गाठींचे घरटे झाले होते. सिस्टर आमच्या बाकाशी आल्या तेव्हा शेजारच्या मुलीने स्वतःचा रुमाल माझ्या हाताखाली सरकवला आणि माझा ओढून घेतला. ती तास संपेपर्यंत भिंतीशी उभी होती. मला शाबासकी मिळाली. घंटा झाल्यावर ती म्हणाली, "नाक खाली घे आता, छताला लागेल." उंच होती म्हणून तिला सगळे शिडी म्हणत. मी अजूनही म्हणते. या प्रकरणातील जखमी बाई ती हीच.

तीन वर्षांपासून मी दर शनिवारी मिस्त्रींकडे धनुष्य करायला शिकते. मिस्त्री निवृत्त सुतार आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. घरामागे त्यांची शेड आहे आणि शेडच्या माळ्यावर लाकडे वाळत असतात. लाकूड फाडले की दोन्ही टोकांना मेण लावून ते दोन-तीन वर्षे तसेच ठेवायचे असते. हे शिकवण्याचे ते काही घेत नाहीत. मी धनुष्याला लावायचे रेशीम आणि बाणांची पिसे बांधून देते, कारण माझ्या हाताला ती सवय आहे. ते मला बाई म्हणतात. मी बिघडवलेल्या लाकडांचे बाण करून ठेवतात आणि म्हणतात, "बाईंच्या कृपेने बाणांना तोटा नाही."

झाडाच्या खोडात दर वर्षाचे एक कडे असते. धनुष्याची पाठ, म्हणजे ओढणाऱ्याच्या समोरची बाजू, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच कड्याची ठेवावी लागते. मिस्त्री कड्याला वर्ष म्हणतात. "पाठीवर एकच वर्ष, बाई. खालचं दिसलं की ते धनुष्य गेलं." मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. धनुष्य पुरे झाले की ते पाठीवरून अंगठा फिरवतात, एकदा खाली, एकदा वर. अंगठा कुठे अडला नाही तर मुठीच्या खाली पानाच्या आकाराचा छोटा शिक्का तापवून उठवतात. शिक्का नसलेले धनुष्य आम्हा बाण मारणाऱ्या मंडळींत कोणी दुसऱ्याच्या हाती देत नाही.

गेल्या महिन्यात मिस्त्री तापाने बारा दिवस पडून होते. शेडची किल्ली माझ्याकडे दिली होती. मी एक धनुष्य एकटीने करत होते. ते शिडीच्या वाढदिवसासाठी होते; तीही आमच्यात बाण मारायला येत असे. त्यापूर्वी एकही धनुष्य मी अथपासून इतिपर्यंत एकटीने केलेले नव्हते, हे शिडीला ठाऊक होते आणि ती त्यावरून चिडवत असे. सोमवारी दुपारी चारच्या सुमारास पाठ तासताना दोन मुठींची सुरी आत गेली. धनुष्याच्या मुठीपासून वर एक वीत अंतरावर, माझ्या करंगळीच्या नखाएवढा खड्डा पडला. खालचे वर्ष दिसू लागले.

त्याच वेळी जाऊन मिस्त्रींना सांगता आले असते. त्यांचे घर शेडपासून वीस पावलांवर आहे. मी सांगितले नाही. किरमिजी रेशीम आणून त्या जागेवर चार बोटं रुंद गुंडाळले, दोऱ्याला दोरा लावून, टोके आत घेऊन, वर लाखेचा हात दिला. तसेच चार बोटं मुठीच्या खालच्या अंगाला गुंडाळले, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात.

मिस्त्री बरे होऊन शेडमध्ये आले. पाठीवरून अंगठा फिरवताना रेशमापाशी थांबले. "हे काय?" म्हणाले. मी म्हटले, "शोभा." ते हसले आणि म्हणाले, "वाटलंच. लाकडालासुद्धा रिबीन बांधल्याशिवाय चैन पडायचं नाही तुम्हाला." अंगठा रेशमावरून पुढे नेला आणि शिक्का उठवला. "ओढून बघितलंत ना?" असे त्यांनी विचारले. मी हो म्हटले. ते खरे होते. नियमाप्रमाणे मी पन्नास वेळा ओढले होते. पण माझ्या हाताने ओढले होते. माझी ओढ, म्हणजे दोरी मागे येते ते अंतर, चोवीस इंच भरते. शिडीची अठ्ठावीस. तिच्यासाठी बाण मीच कापलेले असल्याने हे माप मला पाठ होते. आधाराच्या खुंटीवर टांगून अठ्ठावीस इंचांपर्यंत ओढून बघायची मला भीती वाटली, म्हणून बघितले नाही.

गेल्या रविवारी सकाळी साडेआठला वखारीमागच्या मैदानावर आम्ही आठ जण बाण मारायला जमलो होतो. मिस्त्री खुर्चीवर बसले होते. मी धनुष्य शिडीला दिले. रेशमाचे काम सगळ्यांनी वाखाणले. शिडी म्हणाली, "हिचं काम आहे, मागून बघा आधी." सगळे हसले. तिने पहिल्यांदा अर्धेच ओढले आणि म्हणाली, "अगं, हे तर पाळण्यातल्या पोराचं झालं." मग बाण लावून कानापर्यंत ओढू लागली. मला तिला थांब म्हणायचे होते. त्या वेळी एक बाई माझा दंड धरून विचारत होत्या की रेशमाची टोके दिसत कशी नाहीत. मी त्यांना उत्तर दिले.

धनुष्य रेशमाखाली मोडले. वरचे अंग तिच्या डाव्या डोळ्यावर बसले. वेळ नऊ वाजून दहा मिनिटे. सगळे तिच्याकडे धावले. मधला, रेशीम असलेला वीतभर तुकडा माझ्या पायाशी पडला होता. तो मी उचलून पर्समध्ये ठेवला आणि नंतर तिच्याकडे गेले. पंचनाम्यात दोन तुकडे लिहिले आहेत. तुकडे तीन आहेत.

दवाखान्यात शिडीच्या लेकीने मला विचारले, "मावशी, झालं तरी कसं?" मी म्हटले, "लाकूडच किडकं निघालं असेल." हे वाक्य मी एकदाच बोलले. त्यावरून तिने मिस्त्रींविरुद्ध फिर्याद दिली, आणि या ठाण्यातून शेडला कुलूप लागले. मिस्त्रींनी मंगळवारी जबाब दिला तो मला इथे वाचून दाखवण्यात आला. "लाकूड माझे, शिक्का माझा, दोष माझा." त्या दिवशी मी घरी होते. दिवसभर घरीच होते.

डोळा राहणार नाही असे डॉक्टरांनी बुधवारी सांगितले. शिडीने मला आत बोलावले. पट्टीखालून म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला उगाच छळतायत गं. तू जाऊन काहीतरी सांग. तुझं इंग्रजी बघून घाबरतील तरी." मी बरं म्हटले.

काल संध्याकाळी पाचला मी मिस्त्रींकडे गेले. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणते. वहिनी दारातच म्हणाल्या, "बाई, तुम्ही तरी समजवा. तीन दिवस जेवणाचं नाव नाही. लाटणं उचलतात, दाराची चौकट धरतात, सगळीकडे अंगठा फिरवत बसतात." मिस्त्री पलंगावर बसले होते. त्यांनी आधी शिडीची चौकशी केली. मग म्हणाले, "माझ्या अंगठ्याला लागलं कसं नाही, एवढंच कळत नाही. साठ वर्षांत असं झालं नाही. आता याचा भरवसा गेला." कुलूप निघाले की माळ्यावरची अकराच्या अकरा लाकडे जाळायची असे त्यांनी ठरवले आहे. आणखी कोणाचा डोळा आपल्या हातून नको, म्हणाले. त्यातले सर्वांत जुने लाकूड नऊ वर्षांचे आहे. मी निघताना ते म्हणाले, "बाई, तुम्ही आलात. बाकी कोणी आलं नाही."

मी काल तिथेच सांगायला हवे होते. सांगितले नाही. वहिनींनी दिलेला चहा प्याले आणि घरी आले.

तरी मी खालीलप्रमाणे विनंती करते. तिसरा तुकडा आज दोऱ्यांच्या डब्यातून आणून जमा केला आहे. रेशीम पंचांसमोर सोडवावे. कात्रीने कापू नये, खड्ड्याच्या कडा तुटतील. शेवटचे टोक डाव्या कडेला आत घेतलेले आहे, सुईने वर काढले की सगळे उलगडते. कोणाला जमले नाही तर मला बोलवावे.

मोजमाप झाल्यावर तो उघडा तुकडा, मुद्देमाल म्हणून परत ठेवण्यापूर्वी, एकदा मिस्त्रींच्या हातात द्यावा. त्यांना अंगठा फिरवू द्यावा. नखाएवढ्या जागी तो अडेल. शिक्क्याच्या दिवशी तिथे रेशीम होते, हे त्यांना सांगावे, आणि वहिनी ऐकत असताना सांगावे. हे शेडचे कुलूप काढण्याच्या आधी व्हावे, म्हणजे माळ्यावरच्या लाकडांना कोणी हात लावणार नाही.

शेडची किल्ली आणि माझी दोन मुठींची सुरी या कागदांसोबत ठेवल्या आहेत. दोन्ही मिस्त्रींना द्याव्यात. सुरी त्यांनीच दिलेली होती.

माझ्या जबाबाची प्रत शिडीच्या लेकीला द्यावी. फिर्यादीत नाव बदलायचे तर तिने माझे घालावे.

पाकिटात एक पांढरा रुमाल आहे. तो शिडीला द्यावा. मागून पाहिला तरी एक गाठ दिसणार नाही, कारण तो तिचाच आहे. तिने बोलावल्याशिवाय मी दवाखान्यात जाणार नाही.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, हवालदारबाईंनी तो मला सावकाश वाचून दाखवला, आणि मी सांगितले तेच त्यात आहे. "मला तिला थांब म्हणायचे होते, हे वाक्य काढू का, त्याचा पुरावा काही नाही," असे त्यांनी विचारले. मी राहू द्या म्हटले. खाडाखोड नाही. कागदांच्या मागच्या बाजू कोऱ्या आहेत.

सही