काकूंच्या हातातला पेला

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, मळ्यांतून आणि तळघरांतून हातपाय धुऊन आज चक्क वेळेवर आलेल्या बंधुभगिनींनो, आणि आपले सत्कारमूर्ती नाकमास्तर,

मघाशी पाहुण्यांनी विचारलं, या गावात लोक एवढं काय बघायला येतात? एक टेकडी, एक उतरता रस्ता आणि दोन्ही बाजूंना वाइनची तळघरं. आजोबांच्या काळात कीड पडून सगळ्या वेली गेल्या. पुन्हा लागवड झाली ती सगळ्यांनी मिळून, आणि तेव्हाच ठरलं की वाइन सगळ्यांची एकत्र होईल आणि पिंपातून बाटलीत कधी भरायची ते एकच माणूस वास घेऊन सांगेल. त्यावर वाद नाही. बाकी सगळ्यावर आहे, हे अध्यक्ष जाणतातच.

ते नाक इतकी वर्षं मास्तरांचं. मध्यंतरी मोठ्या तापात ते गेलं. म्हणजे जागेवर आहे, आपण बघतोच आहोत, वास गेला. मास्तर कुणाला बोलले नाहीत. नाकच गेलं तर गावात आपलं काय राहिलं, ही धास्ती. मग काकू सोबत येऊ लागल्या. ‘यांना पायऱ्या झेपत नाहीत,’ म्हणायच्या. आधी स्वतः पेला हुंगायच्या. उजव्या हाताने पुढे केला की मास्तर मान डोलवायचे, डाव्या हाताने केला की ‘अजून थांबा’ म्हणायचे.

आम्हाला कळलं नसेल? पहिल्याच दिवशी कळलं. पण वाइन उत्तम होत होती आणि मास्तर ताठ मानेने चालत होते. गप्प बसायला आणखी काय लागतं?

गेल्या महिन्यात मास्तर स्वतःच सभेत उभे राहिले. म्हणाले, “मला वास येत नाही. मी तुम्हाला फसवलं.” त्यावर पिंपं बनवणारे आमचे दादा म्हणाले, “मास्तर, काकूंचा उजवा हात भाजला होता, तेव्हा तळघराची किल्ली हरवली होती, आठवतं? हात बरा झाल्यावर सापडली.”

मास्तर हसले, आणि मग त्यांना रडू आवरेना. आम्हालाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्यावं. जाता जाता एक खुलासा. आजचा निरोप फक्त मास्तरांना आहे. काकू, तुम्ही उद्या सकाळी तळघरात यायचं आहे. पेला कुठल्याही हातात धरा.