चारचा आकडा

नोएमिया : म्हणजे बातमी आली तेव्हा तुम्ही याच झाडावर होता?

बेल्मीरो : हो. दोन वर्षं झाली. बुचाची साल काढत होतो. आदेलीनो खाली येऊन उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, उतर आधी.

आदेलीनो : कुऱ्हाड घेऊन वर बसलेल्याला कसं सांगणार, तुझी बायको, देओलिंदा, गेली म्हणून?

नोएमिया : माफ करा काका. मी फक्त विचारलं, वरच्या झाडांवर पांढरा चार आहे, मग या उतारावर काहीच का नाही?

बेल्मीरो : साल काढली त्या वर्षाचा शेवटचा आकडा तो. पुढची नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही. रंगाचा डबा घेऊन तीच मागून यायची. त्या दिवशी म्हणाली, डोकं दुखतंय, इथले उद्या टाकते.

नोएमिया : आणि साल?

बेल्मीरो : सालीचा हंगाम थांबत नाही. चौथ्या दिवसापासून उरलेली काढली.

नोएमिया : मग माझं चुकलं. आकडा नाही म्हणजे साल निघत नाही, असं समजून मी ग्रामसभेच्या जमीन-नोंदीत या उताराच्या उत्पन्नापुढे शून्य लिहिलं.

आदेलीनो : रविवारी ग्रामसभेत तेच वाचलं असतं, आणि पडीक जमीन म्हणून इथेच सौर पॅनेल बसवले असते. माझी डुकरं कुणाची फळं खाणार होती? आणि खालची विहीर? ऑगस्टच्या कडक उन्हाळ्यातही तिला पाणी असतं ते या झाडांमुळे.

नोएमिया : पाण्याचा रकाना आहे. डुकरांचा घालते. काका, तुमच्या लेखी या उताराचं मोल काय?

बेल्मीरो : दुपारी आम्ही इथे पाव आणि ऑलिव्ह खायचो. ती सालीवर पाय पसरून झोपायची. हे कुठे लिहिशील?

नोएमिया : 'इतर' म्हणून रकाना आहे.

आदेलीनो : देओलिंदाला 'इतर'मध्ये घातलंस तर वरून शिव्या देईल ती.

नोएमिया : मग तिचं नाव लिहून वेगळी ओळ करते. पण आकडे तुम्ही का टाकले नाहीत, काका?

आदेलीनो : मी टाकतो म्हटलं, तर डबा लपवून ठेवला यानं. अरे, उद्या कुणी अडाणी येईल, कोवळी साल ओरबाडेल. झाडं मरतील.

बेल्मीरो : माहीत आहे मला.

नोएमिया : शून्य खोडलं बघा.

बेल्मीरो : बरं केलंस, पोरी. एक्केचाळीस झाडं आहेत. आकडा अजून एकावरही नाही. इथले ती उद्या टाकणार होती.