नानांची बेनिफिट नाईट

मंडळी, लेस्टरहून, स्टॅनमोरहून एवढ्या थंडीत ब्रिस्टलजवळच्या आमच्या या लहानशा गावात आलात. समोर नानांच्या पत्नी, आपल्या वहिनी बसल्यात. माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते. आज चालत नाहीये. सांभाळून घ्या.

नाना हॉस्पिटलमधून रिटायर झाले आणि इथल्या अठराव्या शतकातल्या थिएटरच्या मागे लागले. छप्पर गळत होतं, कौन्सिलनं हात वर केले होते. नाना तिथले जुने हिशोब वाचायचे आणि आमचं डोकं खायचे. त्या काळी म्हणे नटाला वर्षातून एक रात्र मिळायची, बेनिफिट नाईट. मेणबत्त्या, वादक, भाडं, सगळं तिकिटांच्या पैशातून आधी कापायचं. उरेल ते नटाचं. नाही उरलं तर खिशातून भरायचं. म्हणून बिचारा दारोदार तिकिटं विकायचा. आम्ही माना डोलवायचो. ऐकत कोण होतं?

थिएटर वाचवायला नानांनी तेच केलं. मराठी नाटक बसवलं, तुम्हा सगळ्यांना पत्रं टाकली. 'माझी बेनिफिट नाईट आहे, अवश्य या.' तेव्हा जिकडेतिकडे नोकऱ्या जात होत्या, पेन्शनं बुडत होती. आपण काय समजलो? नाना बेनिफिटवर आले, सरकारी भत्त्यावर. हसू नका, मीही तेच समजले. एवढा मोठा डॉक्टर, विचारायचं तरी कसं? आपण न कळल्यासारखे गप्प बसलो. माणुसकी म्हणून, बरं का. माणुसकी म्हणून कोणी गेलं नाही.

नाना माझ्या दारी आले. काही समजावू लागले, तर मी "असू दे, असू दे" म्हणत एक तिकीट घेतलं. दया म्हणून. आणि मला बघून ओशाळतील म्हणून गेले नाही.

सात माणसं आली. भाडं, दिवे, सगळं नानांनी खिशातून भरलं. थिएटरच्या दाराला आता फळ्या ठोकल्यात. तेही गेलं, नानाही गेले. काही वाचलं नाही, मंडळी. उगाच गोड कशाला बोलू?

परवा वहिनींनी सांगितलं. त्या रात्री नानांनी अर्धा तास तिसरी घंटा होऊ दिली नाही. म्हणत होते, "मालतीनं तिकीट घेतलंय. ती येईल."

आज हॉल भरलाय, नाना. मीही आलेय.

मंडळी, उठू या. दोन मिनिटं गप्प राहू या. गप्प राहायला आपल्याला चांगलं जमतं.