पाठ क्रमांक एकसष्ट

भूमिका : गुरुजी, तिसऱ्यांदा सांगते. लॅपटॉप चौदा वर्षांचा झाला. त्यातल्या विंडोजची देखभाल कंपनीनं कधीच सोडली. कडी न लावता घर सोडून गावाला गेल्यासारखं आहे हे.

गुरुजी : आपल्याकडे कड्या कोण लावतं?

भूमिका : म्हणून तर मागच्या महिन्यात झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर व्हायरस घेऊन आलात. एक फोल्डर उघडत नव्हता. कोणी काढला तो?

गुरुजी : तू काढलास. चहा घे.

प्रेमाबाई : दोनदा झाला तिचा चहा. रविवारची एक सुट्टी, ती घालवून पोर शहापूरवरून आलीय नि तुमी तिला सकाळपासून तोंडी परीक्षेला बसवलंय. करून टाक गो त्या डबड्याचं काय करायचं ते.

गुरुजी : डबडं म्हणू नकोस. दोनशे चौदा पाठ आहेत त्यात. नोकरीत असताना वहीत लिहायचो, निवृत्तीनंतर एकेक करून टाइप केले. वाडीतल्या पोरांना पुस्तकातली भाषा अडते म्हणून त्यांच्या बोलीत लिहिलेले. दुसरीकडे कुठे छापलेले नाहीत. वह्या तर वाळवीनं खाल्ल्या.

भूमिका : मला काय सांगता? मी त्याच पाठांवर वाचायला शिकले. म्हणून तर म्हणते, अपग्रेड करू या.

गुरुजी : आणि ते दिसले नाहीत तर?

भूमिका : दिसतील. तुमचा जुना फॉन्ट नव्या विंडोजमध्ये टाकून देईन. कॉम्प्युटरच्या दुकानात माझं कामच ते आहे.

गुरुजी : माझा टायपिंगचा प्रोग्राम?

भूमिका : तो नाय चालणार.

गुरुजी : झालं. संपला विषय.

भूमिका : संपला कसा? नव्यात दुसरा मिळतो. कळफलक जवळजवळ तुमचाच, टाइपरायटरचा. थोडीच अक्षरं इकडची तिकडं असतात.

गुरुजी : थोडीच? मुरबाडला लेकाकडे, जगदीशकडे गेलो होतो दिवाळीत. त्याच्या नव्या मशीनवर बसवलं त्यानं मला. एक ओळ लिहायला पंचवीस मिनिटं लागली. बोटं जातात त्यांच्या जागेवर आणि उमटतं भलतंच. त्याची धाकटी मागे उभी राहून म्हणते, आजोबा, मी लिहून देऊ का? दुसरीतली पोर.

भूमिका : मग द्यायचं लिहू.

गुरुजी : अडतीस वर्षं मी दुसरीच्या पोरांना लिहायला शिकवलं.

प्रेमाबाई : बघ. इथं दुखतंय. तू आपली बसलीयस विंडोज विंडोज करत.

भूमिका : बरं, ते बाजूला ठेवू. पाठांची दुसरी कॉपी आहे ना कुठं?

गुरुजी : आहे तर. दर शनिवारी न चुकता करतो.

भूमिका : कुठं?

गुरुजी : डी ड्राइव्हला. मूळ पाठ सीमध्ये, नक्कल डीमध्ये. तारीख घालून.

भूमिका : गुरुजी, सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत.

गुरुजी : दोन वेगळी चित्रं दिसतात की.

भूमिका : दिसतात. काकी, तुमची भाताची कणगी आहे ना? तिच्यात मधोमध फळी घातली. इकडचा भात जपायचा म्हणून थोडा फळीच्या पलीकडे टाकला. कणगीत पाणी शिरलं तर काय होईल?

प्रेमाबाई : दोनीकडचा कुजेल.

भूमिका : हेच करतायत हे दर शनिवारी. तारीख घालून.

गुरुजी : हे मला कुणी सांगितलं नाही.

भूमिका : तुमी कुणाला विचारलंत? आमाला सांगायचात, अडलं तिथं हात वर करा, लाज कसली. तुमचा हात कधी वर गेला का?

प्रेमाबाई : मंगळवारचं सांगा तिला.

गुरुजी : ते कशाला आता.

प्रेमाबाई : मी सांगते मग. मंगळवारी यांनी स्वतःच केलं गो ते. अपग्रेड.

भूमिका : काय?

गुरुजी : काजलनं विचारलं, हनुमानच्या मुलीनं. म्हणाली, गुरुजी, तो लॅपटॉप रोज लाल अक्षरात काहीतरी सांगतो नि तुमी रोज बंद करता, त्याचं ऐकत का नाय? जगदीशनं नव्या विंडोजचा पेनड्राइव्ह दिला होता, तो लावला आणि म्हटलं, ऐकू या.

भूमिका : मग?

गुरुजी : बत्तीस टक्क्यांवर थांबलं. तासभर बत्तीसच. पोरं शिकवणीला यायची वेळ झाली. मग बटण दाबून धरलं.

भूमिका : अर्ध्यात बंद केलात? देवा.

गुरुजी : चालू झाला परत. आधीसारखा. पण कटकट असा आवाज करतो. तेव्हापासून चालूच आहे, मी हात लावलेला नाही, कालची नक्कलही राहिली.

प्रेमाबाई : नि पोरांना सांगितलं, लाइट गेलीय, आज पाट्या घ्या. वर पंखा गरगर फिरतोय. तो गणू वर बघतो, यांच्याकडं बघतो, परत वर बघतो. पण बोलला नाय बिचारा.

भूमिका : थांबा. कटकट कधी, चालू करतानाच की सारखी?

गुरुजी : सारखी, पण बारीक. ऐक, कान लाव.

भूमिका : (कान लावून) गुरुजी, अपग्रेडचं विसरा. ही डिस्क चाललीय.

गुरुजी : चाललीय म्हणजे?

भूमिका : म्हणजे शेवटच्या घटका मोजतेय. दोन तास आपण कळफलकावरून भांडतोय नि ही आतून मरतेय. मला आल्या आल्या सांगितलं असतंत तर? मी तुमच्यावर ओरडले असते, एवढंच ना?

गुरुजी : तू आत्ताही ओरडतेयस.

भूमिका : ओरडणारच. पाठ गेले तर कोणाकडून आणू? सरका. मी कोरी डिस्क आणलीय, तिच्यावर पाठ काढून घेते. मग तीच आत बसवायची आणि नवी विंडोज तिच्यावर.

गुरुजी : तुझ्याकडे वेगळी डिस्क होती?

भूमिका : सकाळपासून पिशवीत आहे. दर वेळी तोंड उघडलं की तुमी 'नको' म्हणता.

प्रेमाबाई : आमच्या लग्नाला एकावन्न वर्षं झाली, गो. मला अजून पुरतं वाक्य बोलायला मिळालेलं नाय.

(दोन तासांनी. ओसरीवर ऊन आत सरकले आहे. लॅपटॉप उताणा पडला आहे, शेजारी वाटीत त्याचे स्क्रू. पाठ भूमिकाने आणलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहणे चालले आहे.)

गुरुजी : किती निघाले?

भूमिका : दोनशे तेरा. सगळे उघडून बघितले. अक्षरं शाबूत आहेत.

गुरुजी : दोनशे चौदा होते.

भूमिका : एक नाय उघडत. चार वेळा केलं. डीमधली नक्कलपण तशीच. एकसष्ट नंबर.

गुरुजी : एकसष्ट म्हणजे तानसाचा. 'आमचं पाणी कुठं जातं.'

भूमिका : दोनशे तेरा वाचले ना, गुरुजी. मला तर वाटलं होतं निम्मे जातील.

गुरुजी : वर्गातून दोनशे चौदा पोरं सहलीला नेली आणि दोनशे तेरा परत आणली, तर घरी काय सांगतेस?

प्रेमाबाई : घ्या. आता सुतक पाळा.

गुरुजी : आठवत नाही मला तो. सुरुवात आठवते. 'डोंगरावर पाऊस पडतो.' पुढे... पुढे ओढ्याचं काहीतरी होतं. चार दिवस घासून लिहिला होता. आता कोरं झालंय सगळं. राहू दे. तू ते नवीन घाल, तुझी जीप चुकेल.

भूमिका : मला येतो.

गुरुजी : काय?

भूमिका : चौथीत होते मी. तुमी आमाला नाल्यावर घेऊन गेलेलात, पळसाची पानं पाण्यात सोडायला लावलीत. सांगते, थांबा, इथंच टाइप करते. 'डोंगरावर पाऊस पडतो. आमच्या वाडीचा ओढा भरतो. ओढा नदीला मिळतो, नदी तानसाच्या धरणात जाते. धरणातून मोठा नळ निघतो. माणूस आत उभा राहील एवढा मोठा. नळ मुंबईला जातो.'

गुरुजी : बरोबर. 'मुंबईतली मुलं ते पाणी पितात. ती मुलं आपली पाहुणीच झाली.' असा शेवट होता.

भूमिका : नाय. शेवट वेगळा होता.

गुरुजी : मी लिहिलाय, मला माहीत नाही?

भूमिका : 'मुंबईतली मुलं ते पाणी पितात. मग चैत्रात आमच्या वाडीत टँकर का येतो?' असा होता.

गुरुजी : हे मी कधीच लिहिलं नाही.

भूमिका : तुमी नाय. हिरीनं विचारलं होतं, वर्गात. तिची आय तेव्हा टँकरच्या गर्दीत पडून हात मोडून घेऊन बसलेली. तुमी म्हणालात, उद्या सांगतो.

गुरुजी : दुसऱ्या दिवशी सांगितलं असेल.

भूमिका : दुसऱ्या दिवशी तुमी गुणाकार घेतलात.

प्रेमाबाई : टँकर अजून येतो. परवाच वाडीतली अंबूबाई सांगत होती, आठ दिवसांनी एकदा.

भूमिका : मग काय करू? तुमचा शेवट टाकू? पाठ तुमचा आहे. सांगाल तसं लिहिते.

गुरुजी : हिरीचं वाक्य परत वाच.

भूमिका : गुरुजी, जीप सव्वापाचला आहे.

गुरुजी : हिरीचा लिही.

भूमिका : 'टँकर का येतो' एवढंच? खाली उत्तर?

गुरुजी : उत्तर नको. खाली दोन ओळी मोकळ्या सोड, पोरं लिहितील.

भूमिका : दोन पुरतील?

गुरुजी : चार सोड.